गोळा ३५ मीटर अलीकडे पडला, म्हणून?

लेखमाला : आकड्यांचा अर्थ, लेखांक ९

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात फायरिंग आहे हे कुणी सांगावे लागत नाही. लॅम रोडवरच्या जुन्या बंगल्यांची तावदाने थरथरतात, भगूरच्या बाजारात उभ्या माणसालाही घुमता आवाज ऐकू येतो आणि सवयीची माणसे मान वर न करता आपापली कामे चालू ठेवतात. स्कूल ऑफ आर्टिलरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकुलहून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या ॲबटाबादजवळून, इथे आली. भारतीय तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या इथल्या माळरानावर घडल्या.

मागच्या दोन लेखांकांत आपण प्रमाण विचलन आणि प्रसामान्य वितरण पाहिले. आजचा विषय परिकल्पना चाचणी आणि रिग्रेशन. पाठ्यपुस्तकांत तो नाणी-फासे घेऊन शिकवतात आणि मुले सूत्रे पाठ करून पास होतात. मला तो तोफेवरून सांगायचा आहे. नाण्याबद्दलचा निष्कर्ष चुकला तर कुणाचे काही बिघडत नाही. तोफेजवळ काढलेला चुकीचा निष्कर्ष मात्र पुढच्या राउंडबरोबर निघतो आणि कुठेतरी जाऊन पडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करावी लागते. तोफ तीच, चार्ज (म्हणजे गोळा फेकणारी दारू) तोच, नळीचा कोनही तसूभर बदललेला नाही, तरीही लागोपाठचे दोन गोळे एका जागी पडत नाहीत. गोळ्यांच्या वजनात थोडा फरक असतो. एखादा गोळा नळीत किंचित कमी घट्ट बसतो. दारूचे दाणे प्रत्येक वेळी अगदी सारखे जळत नाहीत आणि वाटेत वाऱ्याची झुळूक येऊन जाते. यातले कुठलेच कारण एकेकटे हाती लागत नाही, सगळी मिळून गोळे विखुरतात. पुढे-मागे जास्त, डावी-उजवीकडे कमी, त्यामुळे जमिनीवर लांबट आकाराचा पट्टा उमटतो.

हे विखुरणे तोफखान्याने फार पूर्वी मोजून ठेवले आहे. सगळ्या गोळ्यांचा जो मध्यबिंदू येतो त्याच्या पुढे-मागे असे अंतर काढायचे की निम्मे गोळे त्याच्या आत पडावेत. या अंतराला प्रोबेबल एरर म्हणतात. मध्यबिंदूपासून तेवढ्याच रुंदीचे चार पट्टे पुढे आणि चार पट्टे मागे आखले की शंभर गोळ्यांची वाटणी साधारण अशी होते : २, ७, १६, २५, २५, १६, ७, २. मागच्या लेखांकातली घंटेच्या आकाराची वक्ररेषा ती हीच. एक प्रमाण विचलन म्हणजे जवळजवळ दीड प्रोबेबल एरर.

आता हिशेबासाठी रचलेले आकडे घेऊ. एका तोफेची प्रोबेबल एरर २० मीटर आहे, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ३० मीटर. पहिला गोळा लक्ष्याच्या ३५ मीटर अलीकडे पडला. ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, दुर्बीण लावून बसलेल्या शिकाऊ अधिकाऱ्याच्या मनात लगेच येते की ३५ मीटर वाढवून द्यावेत. त्याने थांबायला हवे आणि स्वतःला विचारायला हवे : तोफेची मांडणी अगदी अचूक असती, तरी एखादा गोळा इतका किंवा याहून जास्त चुकण्याची शक्यता किती होती? ३५ ला ३० ने भागले की १.१७ येतात. प्रसामान्य वितरणाचा तक्ता सांगतो, सुमारे २४ टक्के. म्हणजे निर्दोष मांडणीतही जवळपास दर चौथा गोळा एवढा चुकणारच. त्या एका गोळ्याने अजून काहीच सांगितलेले नाही.

आता सहा गोळे झाडले आणि सहांची सरासरी ३५ मीटर अलीकडे आली असे समजा. अंतर तेवढेच, पण अर्थ पार बदलला. एकाची चूक दुसरा भरून काढतो, म्हणून सरासरी एकट्या गोळ्याइतकी डोलत नाही. तिचे विचलन ३० भागिले ६ चे वर्गमूळ, म्हणजे सव्वाबारा मीटरच्या आत. ३५ मीटरचा फरक त्याच्या २.८६ पट झाला, आणि निव्वळ योगायोगाने एवढे घडण्याची शक्यता हजारात चार. आता मांडणीत दोष आहे असे धरून दुरुस्ती देणे योग्य.

परिकल्पना चाचणी एवढीच आहे. ‘मांडणी बरोबर आहे, दिसतो तो फरक विखुरण्याचा आहे’ हे गृहीतक म्हणजे शून्य परिकल्पना. ते खरे असते तर हाती आलेला फरक किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, ते पी-मूल्य. इथे चांगले शिकलेले लोकही घसरतात, म्हणून जरा ठासून सांगतो : हजारात चार ही ‘तोफेची मांडणी बरोबर असण्याची शक्यता’ नव्हे. मांडणी बरोबर असेल तर असे गोळे पडण्याची ती शक्यता आहे. ही दोन विधाने एक मानून औषधांच्या बातम्यांपासून परीक्षांच्या निकालांपर्यंत किती ठिकाणी दिशाभूल होते, ते पुढच्या एका लेखांकात स्वतंत्रपणे पाहू.

वर आपण ३० मीटर हे विचलन आधीपासून ठाऊक आहे असे धरले. तोफेच्या बाबतीत ते फायरिंग टेबलात, म्हणजे माऱ्याच्या तक्त्यात, छापलेले असते. ते नसते तर? मग त्याच सहा गोळ्यांवरून विचलनाचाही अंदाज करावा लागला असता आणि तो अंदाज स्वतःच डळमळीत असतो. डब्लिनच्या गिनेस मद्यकंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना हीच अडचण होती. जवाचे नमुने मोजकेच, निर्णय मात्र घ्यायचाच. त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो निबंध छापला, त्याच्या शीर्षकात प्रोबेबल एरर हेच शब्द आहेत. गणित तपासायला त्यांनी ३,००० कैद्यांच्या उंचीची आणि मधल्या बोटाच्या लांबीची मापे वापरली, कार्डे पिसून चार-चारांचे ७५० गट पाडले आणि प्रत्येक गटाचा हिशेब हाताने केला. आपल्या उदाहरणात विचलनाचा अंदाजही ३० च आला असे धरून गॉसेट यांचा तक्ता वापरला, तर फरक ‘लक्षणीय’ मानण्याची रूढ पाच टक्क्यांची मर्यादा १.९६ वरून २.५७ वर चढते आणि हजारातल्या चाराचे शंभरात साडेतीन होतात. माहिती कमी असेल तर पुरावा जास्त भक्कम लागतो. हे तत्त्व आकड्यांत उतरवणाऱ्या त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

दर गोळ्यामागे दुरुस्ती दिली तर काय होईल? ३५ अलीकडे पडला, ३५ वाढवले. पुढचा २० पलीकडे गेला, २० कमी केले. यात हुशारी आणि तत्परता दिसते. पण प्रत्येक दुरुस्तीत आधीच्या गोळ्याची आकस्मिक चूक उलटी होऊन पुढच्या गोळ्याच्या अंगावर चढते. एकाऐवजी दोन चुकांची बेरीज होते, विचलनाचा वर्ग दुप्पट होतो आणि प्रोबेबल एरर २० ची २८ मीटर होते. तोफेला हात लावला नसता तर गोळे जितके जवळ पडले असते, त्यापेक्षा ते दूर पडू लागतात, आणि दोष जातो तोफेवर. यावरचा उपाय अमेरिकी लष्कराच्या ॲबर्डीन इथल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रँक ग्रब्ज यांनी १९५४ साली मांडला : पहिल्या गोळ्यानंतर चुकीएवढी पूर्ण दुरुस्ती द्या, दुसऱ्यानंतर त्याच्या चुकीच्या निम्मी, तिसऱ्यानंतर एक तृतीयांश, असे करत जा. कागदावर मांडून पाहिले की कळते, यात प्रत्येक टप्प्याला आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची सरासरीच दुरुस्त होत असते. पाऊल क्रमाने लहान होते, कारण माहिती साठत जाते.

याच्या विरुद्ध टोकालाही एक सापळा आहे. १४४ गोळे झाडले तर सरासरीचे विचलन अडीच मीटरवर येईल आणि ५ मीटरचा फरकसुद्धा चाचणीत ‘लक्षणीय’ ठरेल. पण १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचे तुकडे चारी बाजूंना याच्या कितीतरी पट दूर उडतात, तिथे ५ मीटर मोजून काय करायचे? फरक खरा आहे का आणि तो महत्त्वाचा आहे का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चाचणी फक्त पहिल्याचे उत्तर देते.

चुकाही दोन प्रकारच्या असतात. मांडणी बरोबर असताना दुरुस्ती देणे ही एक, दोष असताना गप्प बसणे ही दुसरी. एक टाळायला जावे तर दुसरी वाढते. हा ताळेबंद जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ च्या निबंधात नीट मांडला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोहोचले होते. या दोघांच्या सहवासात काम करून १९३६ साली त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे शेतीच्या नमुना पाहणीत त्यांनी मोठे काम केले. पण दोन चुकांचा हा पेच त्यांच्यासमोर पुन्हा आला तो उतारवयात, पुण्यात, आणि तोही भुकेच्या प्रश्नावर.

सुखात्मे म्हणत, एकाच निरोगी माणसाची उष्मांकाची गरजही दिवसागणिक सरासरीच्या वर-खाली होते. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. कुपोषणाची रेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून आखावी. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली गरिबीचे मोजमाप २,२५० उष्मांकांच्या आधाराने केले होते. दांडेकरांनी सुखात्म्यांच्या मांडणीला कडाडून विरोध केला, कारण रेषा खाली नेली की खरोखर उपाशी असलेली माणसे आकड्यांतून गळतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा हा वाद. पोट भरलेल्याला उपाशी म्हणणे ही एक चूक, उपाशी माणसाला धडधाकट म्हणणे ही दुसरी. यातली कोणती जास्त महाग, हे कुठलाही तक्ता सांगत नाही. माझे मत दांडेकरांच्या बाजूला झुकते. दुसऱ्या चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याच्याजवळ मोजायला काही उरलेलेच नसते. पण विखुरणे विसरून रेषा आखू नका, हा सुखात्म्यांचा आग्रह मला तितकाच मोलाचा वाटतो.

आता रिग्रेशन, म्हणजेच समाश्रयण. आतापर्यंत सगळे विखुरणे आपण योगायोगाच्या खात्यावर टाकले. पण त्यातला काही भाग कशाच्या तरी मागे चालत असतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट दहा अंशांच्या खाली उतरते, एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते. गरम दारू जास्त वेगाने जळते, गोळा नळीतून जास्त वेगाने सुटतो आणि लांब जातो. म्हणून चार्जचे तापमान मोजावे लागते आणि फायरिंग टेबल कुठल्या तरी ठरावीक तापमानावर बेतलेले असते. नाटो देशांत ते २१ अंश सेल्सिअस, सोव्हिएत परंपरेत १५.

पुन्हा रचलेले आकडे. चार्जचे तापमान १०, २०, ३० आणि ४० अंश. गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला ५५६, ५६३, ५६६ आणि ५७५ मीटर. तापमानाची सरासरी २५, वेगाची ५६५. सरासरीपासूनची अंतरे तापमानाची उणे १५, उणे ५, ५, १५ आणि वेगाची उणे ९, उणे २, १, १०. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की ३०० येतात. तापमानाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ५००. भागाकार ०.६. तापमान एका अंशाने वाढले की वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो, हा रेषेचा चढ. रेषा जे वेग सांगते ते ५५६, ५६२, ५६८, ५७४. प्रत्यक्षाशी फरक ०, १, उणे २ आणि १. वेगांच्या चढउताराची एकूण बेरीज, वर्गांच्या हिशेबात, १८६. त्यातले १८० तापमानाने समजावले, ६ उरले. ते उरलेले सहा म्हणजे पुन्हा विखुरणेच.

आणि इथे दोन्ही विषय एकत्र येतात. हा ०.६ चा चढ तरी खरा कशावरून? चारच बिंदू आहेत, योगायोगाने रांगेत आले नसतील कशावरून? शून्य परिकल्पना : चढ शून्य आहे. उरलेल्या सहांवरून चढाची प्रमाण त्रुटी, म्हणजे चढाच्या अंदाजाचे विचलन, काढली तर ती ०.०७७ येते. ०.६ तिच्या पावणेआठ पट आहे. इतक्या थोड्या बिंदूंसाठी गॉसेट यांचा तक्ता ४.३ पट मागतो. चढ टिकला.

रिग्रेशन हे नाव फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८८६ च्या निबंधापासून रुळले. २०५ जोडप्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की फार उंच आईबापांची मुले सरासरीच्या दिशेने थोडी परततात. तोफखान्यातही हे घडते. काल सगळ्यांत अचूक मारा करणारी तुकडी आज थोडी मागे पडते, कारण कालच्या यशात थोडा वाटा नशिबाचा होता. प्रशिक्षकाने तिच्यावर आळसाचा ठपका ठेवण्याआधी तिचे बरेच दिवसांचे गोळे एकत्र पाहावेत.

रेषेबद्दल एक शेवटची गोष्ट. ती दहा ते चाळीस अंशांच्या मधल्या आकड्यांवरून आखली आहे. देवळालीत शिकलेला अधिकारी उद्या ३,००० मीटरपेक्षा उंच असलेल्या द्रासला गेला, तर थंडीत चार्जचे तापमान शून्याच्या बरेच खाली असेल आणि विरळ हवेत गोळ्याची वाटही वेगळी असेल. कागदावर पट्टी ठेवून रेषा डावीकडे हवी तितकी लांबवता येते. पण दारू त्या थंडीतही अंशामागे ०.६ मीटरचाच हिशेब पाळेल, असे आपल्या चार बिंदूंनी कुठेही म्हटलेले नाही. तिथल्या थंडीत आणि तिथल्या उंचीवर वेगळी मापे घ्यावी लागतात.