चाळणीवाचून निवडणारं पाणी

अबू धाबीच्या किनाऱ्याला लागून सादियात नावाचं एक बेट आहे, आणि आजची गोष्ट तिथल्या प्रयोगशाळेची असली तरी सुरुवात मोत्यांपासून करू या, कारण बारीक वस्तू निवडायचं वेड त्या मुलखाला फार जुनं आहे. २०१९ साली या बेटावरच्या लूव्र संग्रहालयात एक मोती मांडला होता. तो मरावाह नावाच्या दुसऱ्या एका बेटावर उत्खननात सापडलेला, इसवी सनापूर्वी ५८०० ते ५६०० च्या दरम्यानचा, म्हणजे जवळजवळ आठ हजार वर्षांचा. माहीत असलेल्या नैसर्गिक मोत्यांत सगळ्यांत जुना म्हणतात तो हाच. आपल्याकडं कुणाला लोखंड ठाऊक नव्हतं, तेव्हा तिथं कुणीतरी दम कोंडून समुद्राच्या तळाशी जात होतं, हे मनाशी धरून ठेवा.

पुढं हजारो वर्षं तो धंदा चालला. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे खाली जायचे, शिंपले वर यायचे, आणि मग मोती निघाले की खरी कसोटी ‘तव्वाश’ म्हणजे मोत्यांच्या व्यापाऱ्याची. तो लाल कापडावर मोती पसरायचा आणि त्याच्यापाशी पितळी चाळण्यांची एक चळत असायची, एकीची भोकं मोठी, दुसरीची त्याहून बारीक, तिसरीची आणखी बारीक. एकातून दुसरीत मोती गाळत गेलं की टपोरे वर राहायचे आणि चूर तळाला जायचा. तिथून माल निघायचा तो आपल्या मुंबईला. आखाताच्या मोत्यांचा सगळ्यांत मोठा बाजार मुंबईत होता, तिथंच ते विंधले जायचे, ओवले जायचे, आणि त्या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत व्यवहारही रुपयातच व्हायचा. तेव्हा मुंबईचं नि त्या किनाऱ्याचं नातं विमानं उडू लागल्यावर जुळलं असं कुणी म्हणालं, तर त्याला या चाळण्यांची गोष्ट सांगा.

आता त्या तव्वाशाला तुम्ही रक्ताचा एक थेंब दिलात आणि म्हणालात, यातले वेगळे दाणे निवडून द्या, तर त्यानं काय केलं असतं? एका मिलिलिटर रक्तात, म्हणजे छोट्या चमच्याच्या पाचव्या हिश्श्यात, सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी त्यामानानं थोड्या, पण त्याही ४० लाखांपासून एक कोटीच्या वर. आणि एखाद्याला कर्करोग झाला असेल, त्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरत असतील, तर त्या एवढ्या गर्दीत दोन, चार, दहा. १८६९ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरनं कर्करोगानं गेलेल्या एका माणसाच्या पायाच्या शिरेतलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला त्यात अगदी गाठीतल्यासारख्याच पेशी दिसल्या. त्यानं ते लिहून ठेवलं. गाठ एका जागी असताना रोग अंगभर कसा पसरतो याचं काही तरी उत्तर इथं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण त्या मोजक्या पेशी शोधून बाजूला काढायच्या कशा, याला पुढं शंभरावर वर्षं गेली.

चाळण इथं चालत नाही. तांबडी पेशी आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले आठ, आणि ती इतकी लवचिक की स्वतःच्या निम्म्याहून बारीक केशवाहिनीतूनही अंग चोरून सहज पार होते. कर्करोगाची पेशी मोठी खरी, पण तीही मऊच. जोर लावला तर भोकातून पिळून निघून जाते, आणि जोर कमी केला तर हजार पेशी भोकापाशी अडकून चाळण बुजते. मोती कडक होता म्हणून चाळणीचं भागलं. इथं निवडायचं कामच पाण्यावर सोपवावं लागतं, जसं खळ्यावर उफणताना आपण वाऱ्यावर सोपवतो: पाटी उंच धरून धान्य सोडलं की भूस लांब उडतं नि दाणा पायाशी पडतो, कुठं जाळी नाही, भोक नाही, आणि तरी दोघं आपापल्या जागी जातात.

पण पाणी असं शहाण्यासारखं वागेल कसं, ते तर ओढ्यात बघावं तेव्हा उसळत असतं, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. त्यासाठी १८८३ सालच्या मँचेस्टरला जाऊ या. तिथं ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या प्राध्यापकानं एका लांब काचनळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची एक बारीक धार मिसळली. पाणी हळू असताना ती धार नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवला तशी एका क्षणी ती थरथरली नि तिचे भोवरे होऊन सगळं पाणी रंगलं. हे कधी घडेल ते वेग, नळीची रुंदी आणि पाण्याचा चिकटपणा या तिघांतून निघणाऱ्या एका आकड्यावर ठरतं, असं त्यानं दाखवलं. त्याचं ते मूळ यंत्र जपून ठेवलेलं आहे, आणि शंभरएक वर्षांनी त्यावर तोच प्रयोग पुन्हा केला तर भोवरे त्याच्या आकड्याआधीच उठायला लागले, कारण मधल्या काळात रस्त्यावर मोटारी आल्या होत्या आणि त्यांच्या धडधडीनं नळीतलं पाणी बिथरत होतं. मला ही हकीगत फार आवडते. रेनॉल्ड्सच्या काळातली शांतता त्या आकड्यात साठून राहिली आहे.

तर नळी जितकी अरुंद तितकं पाणी सोशीक. केसाएवढ्या रुंदीच्या वाटेत ते भोवरे करतच नाही. दोन रंगांचे दोन प्रवाह शेजारी शेजारी सोडले तर ते न मिसळता पार शेवटापर्यंत जोडीनं जातात, मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी. अशा वाटांचं जे शास्त्र उभं राहिलं त्याला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. वाटा करतात त्या अशा: सिलिकॉनच्या चकतीवर उजेडाच्या साहाय्यानं बारीक उंचवट्यांचा साचा काढायचा, त्यावर पीडीएमएस नावाचं पातळ सिलिकोन रबर ओतायचं, ते भट्टीत ठेवून घट्ट झालं की सोलून काढायचं आणि काचेवर चिकटवायचं. काचेला लागलेल्या बाजूला जे खोलगट राहिलं, तीच वाट. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९०च्या दशकात ही रीत इतकी सोपी करून ठेवली की आज जगभरचे विद्यार्थी एका दिवसात अशी चिप ओतून काढतात.

आता खरी नवलाची गोष्ट. १९६१ साली इस्रायलमध्ये सेग्रे आणि सिल्बरबर्ग या दोघांनी एका नळीतून बारीक गोळ्या मिसळलेलं द्रव सोडलं. गोळ्या ना तरंगणाऱ्या ना बुडणाऱ्या, द्रवाच्याच वजनाच्या. त्या सगळीकडं सारख्या पसरून राहतील असं कुणालाही वाटेल, पण थोडं अंतर गेल्यावर त्या एका कड्यात येऊन चालू लागल्या, नळीच्या मध्यापासून कडेकडं साधारण सहा दशांश अंतरावर! कुणी त्यांना हात लावला नव्हता. मध्यावर पाणी वेगात आणि कडेला संथ, त्या फरकामुळं गोळी कडेकडं ढकलली जाते. पण कड फार जवळ आली की भिंत तिला परत लोटते. या दोन्ही ओढींचा समेट जिथं होतो तिथं ती आपली जागा धरते. गोळी मोठी असली की या ओढी जोरात लागतात आणि ती लवकर जागेवर येते, लहान असली की रेंगाळते. म्हणजे आकार ओळखायची अक्कल नुसत्या वाहण्यातच भरलेली आहे.

मग ती वाट वेटोळी केली तर? वळणावर पाणी आतल्या आत आडवं फिरतं, हे डीन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १९२०च्या दशकातच मांडलं होतं. वेटोळ्या वाटेत मोठ्या पेशी आतल्या कडेला धरून चालतात आणि लहान पेशी दुसरीकडं सरकतात, शेवटी वाट दुभंगली की दोघींचे रस्ते वेगळे. आणखी एक युक्ती प्रिन्स्टनमध्ये २००४ साली निघाली, तीत वाटेभर बारीक खांबांच्या रांगा उभ्या करतात, पण प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित सरकवलेली. लहान कण खांबांना वळसे घेत पाण्याबरोबर सरळ जातो. ठरावीक आकाराहून मोठा कण प्रत्येक खांबाला धडकून एकाच बाजूला सरकत राहतो. दोन खांबांमधली जागा कणापेक्षा मोठीच असते बरं का, म्हणून कुणी अडकून पडत नाही. तव्वाशाला हे दाखवता आलं असतं तर त्यानं चाळण्या बाजूला ठेवून दोन तास बघत बसणं पसंत केलं असतं.

आता सादियातला येऊ. तिथं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबू धाबीमध्ये मोहम्मद कसायमेह यांची प्रयोगशाळा आहे. त्यांनी बोस्टनकडच्या सहकाऱ्यांबरोबर, त्यात एमआयटीचे रोहित कर्णिकही आहेत, मल्टिपल मायलोमा या रोगासाठी एक चिप तयार केली आणि तिचं काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. हा रोग प्लाझ्मा पेशींचा, आणि या पेशींचं घर हाडातल्या मगजात. त्यामुळं तपासणी करायची तर कमरेच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढावा लागतो. ज्यानं तो त्रास सोसला असेल त्याला विचारा, नुसत्या रक्तावर भागलं तर काय मोल आहे ते. मगजातल्या थोड्या प्लाझ्मा पेशी रक्तातही येतात, आणि त्यांच्या अंगावर सीडी१३८ नावाची खूण दाट असते. चिपच्या वाटेच्या भिंतींना ती खूण ओळखून धरणारी प्रतिपिंडं लावली, म्हणजे पेशी भिंतीला टेकली की चिकटली.

पण ती टेकणार कशी? मघाशी सांगितलं, अरुंद वाटेत पाणी सरळ सरळ जातं, मधली पेशी मधूनच निघून जाईल. पाण्याचा जो सोशीकपणा निवडायला कामी आला तोच इथं आड आला. म्हणून वाटेच्या छताला माशाच्या काट्याच्या ठेवणीच्या तिरक्या खाचा पाडल्या. त्यांच्यावरून जाताना पाणी हलकेच गुंडाळलं जातं, भोवरा न होता घुसळलं जातं, आणि प्रत्येक पेशीला कधी ना कधी भिंतीची भेट घडते. एवढं करून चिपनं एक मिलिलिटर रक्तातल्या अशा पेशींपैकी अंदाजे ४० ते ७० टक्के धरल्या. निरोगी माणसाच्या मिलिलिटरभर रक्तात २ ते ५ सापडल्या, रोग आटोक्यात आलेल्यांच्या रक्तात २० ते २४, आणि ज्यांचा रोग जागा होता त्यांच्यात ४५ ते १८४. ५०० कोटींच्या गर्दीतून वीस पेशी मोजून दाखवायच्या, आणि त्यावरून कळायचं की बरं वाटत असलेल्या माणसात रोगाचा अंश किती उरलाय! मला तर हा आकडा मरावाहच्या मोत्याइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच देशात दुसरीकडं वेगळीच तऱ्हा चालू आहे. अल ऐनच्या युनायटेड अरब एमिरेट्स विद्यापीठात बॉबी मॅथ्यू आणि अबू धाबीच्या खलिफा विद्यापीठात अनस अलअज्जाम हे विजेनं पेशी निवडण्याच्या मागं आहेत. अल ऐन म्हणजे ‘फलज’चं गाव. डोंगराच्या पोटातलं पाणी उतारानं खजुराच्या बागांपर्यंत आणणारे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे पाट तिथं सापडले आहेत, आणि पाट कुठं फोडायचा नि पाणी कुणाच्या वाफ्यात वळवायचं हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा विषय. विजेचं म्हणाल तर, कंगवा केसांतून ओढून कागदाच्या कपट्यांपाशी नेला की कपटे उडून चिकटतात, तेव्हा कपट्यांवर आधीपासून वीज नसते. कंगव्याजवळ ओढ जास्त नि लांब कमी, एवढ्या फरकानंच ते ओढले जातात. या ओढीला १९५१ साली हर्बर्ट पोल यांनी डायइलेक्ट्रोफोरेसिस असं नाव दिलं, आणि पुढं १९६६ मध्ये त्यांनी आणि हॉक यांनी तिच्या बळावर यीस्टच्या जिवंत पेशी मेलेल्यांपासून वेगळ्या करून दाखवल्या. चिपमध्ये सोडलेली वीज दिशा बदलते ती सेकंदाला हजारो, लाखो वेळा; हा वेग बदलत गेलं की एक वेळ अशी येते की एका जातीची पेशी विजेच्या पट्टीकडं ओढली जाते आणि दुसरी तिच्यापासून दूर ढकलली जाते. कर्करोगाच्या पेशीचं आवरण जास्त सुरकुतलेलं असतं, म्हणून तिचा तो वेग तांबड्या-पांढऱ्या पेशींहून निराळा पडतो.

यात पेशीला कसली खूण लागत नाही, कसला लेप लागत नाही, आणि विजेचा दाब बेतानं ठेवला तर निवडून निघालेली पेशी जिवंत असते, म्हणून तिला वाढवून तिच्यावर औषध लावून बघता येतं, रोग्याला द्यायच्या आधी. अडचण एवढीच की रक्त खारट, आणि खारट पाण्यातून वीज भलतीकडं वाहून जाते, तापते, पेशी भाजते. त्यावर उपाय काय, तर रक्तातल्या पेशी काढून साखरेच्या पाण्यात सोडायच्या. साखर वीज वाहून नेत नाही, आणि योग्य प्रमाणात असली की पेशी फुगतही नाही, आकसतही नाही. तेवढ्यासाठी या प्रयोगशाळांत काट्यावर साखर तोलत बसलेले विद्यार्थी असतात, लिटरामागं पंचाऐंशी ग्रॅमच्या आसपास.