कॉम्प्युटरला पॉवर येत नाही? भिंतीपासून सुरुवात करा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एकेक पार्ट पारखून आणायचा, रात्र जागवून सगळं कॅबिनेटमध्ये बसवायचं, आणि बटण दाबल्यावर फॅन नाही, दिवा नाही, आवाज नाही. घरी कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्या अनेकांवर ही वेळ येते. मग 'मदरबोर्ड उडाला' असा निष्कर्ष घाईघाईने काढला जातो आणि नवे पार्ट आणायला पुन्हा खिशात हात जातो. अशा वेळी वीज ज्या वाटेने आत येते, त्याच वाटेने एकेक टप्पा तपासत जावं. ती कुठे अडली हे कळलं, की अनेकदा नीट न बसलेली पिन सापडते आणि खर्च शून्यावर येतो.

आधी लक्षण ओळखा

'चालू होत नाही' या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, मशिन पूर्ण डेड आहे. दोन, फॅन क्षणभर हलतो आणि थांबतो. तीन, फॅन फिरत राहतात पण डिस्प्ले येत नाही. पहिल्या प्रकारात वीज पोहोचते का, हे बघायचं. दुसऱ्यात शॉर्ट किंवा सुटलेलं कनेक्शन शोधायचं. तिसऱ्यात पॉवर आलेली असते, म्हणून तपास रॅम आणि ग्राफिक्सकडे वळवायचा.

भिंत ते कॅबिनेट

एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवा आणि वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहा. पॉवर केबल बदलून बघा. अनेक मॉनिटरना तशीच केबल असते. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या खोक्यावर, छोटा स्विच असतो. त्याची 'आय'ची बाजू दाबलेली म्हणजे चालू, 'ओ'ची म्हणजे बंद. जोडणीच्या गडबडीत तो हमखास विसरला जातो. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर 115 आणि 230 असे आकडे असलेला आणखी एक सरकता स्विच असू शकतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून वीज दिली, तर एसएमपीएस तिथेच जळू शकतो.

बंद मशिनमधले पाच व्होल्ट

पुढचा तपास समजायचा, तर बटण नेमकं काय करतं हे कळायला हवं. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स ही रचना आणली. त्याआधीच्या मशिनमध्ये बटण दाबलं की घरचा वीजपुरवठाच जोडला किंवा तोडला जात असे. एटीएक्समध्ये मागचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला 5 व्होल्टचा पुरवठा सतत करत राहतो. बटण दाबल्यावर बोर्डला फक्त इशारा मिळतो. बोर्ड मग हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि तेव्हा 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावले, की 100 ते 500 मिलिसेकंदांत करड्या वायरीतून 'पॉवर ठीक आहे' असा संदेश जातो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

याचा उपयोग सरळ आहे. मशिन बंद असतानाही बोर्डवरचा छोटा दिवा लागलेला असेल, तर 5 व्होल्ट पोहोचताहेत. तपास बटण आणि त्यापुढच्या भागांकडे न्यायचा. प्रत्येक बोर्डवर असा दिवा नसतो. तो नसेल, तर मल्टीमीटरने जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट येतात का ते मोजा.

बटण की बोर्ड?

बोर्डच्या खालच्या कडेला बारीक पिनांचा जुडगा असतो. कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर तिथे बसते. कोणती जोडी पॉवर स्विचची, हे मॅन्युअलमधल्या आकृतीत दिलेलं असतं. या वायरीला उलट-सुलट नसतं, पण एक पिन सरकून बसली तरी बटण निकामी होतं. ती वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याच दोन पिनांना एकदम, क्षणभरच स्पर्श करा. मशिन सुरू झालं, तर बोर्ड आणि एसएमपीएस शाबूत आहेत, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. नवं बटण येईपर्यंत रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम भागतं.

मशिन तरीही ढिम्म राहिलं, तर दोन मुख्य कनेक्टर पाहा. 24 पिनांचा मोठा कनेक्टर क्लिप अडकेपर्यंत दाबावा लागतो. प्रोसेसरचा 8 पिनांचा कनेक्टर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात वेगळा असतो. तो राहून गेला, तर मशिन अर्धवट सुरू होतं किंवा लगेच थांबतं. ग्राफिक्स कार्डचा 8 पिनांचा कनेक्टर तसाच दिसतो, पण तो 6 अधिक 2 असा सुटतो, तर प्रोसेसरचा अनेकदा 4 अधिक 4 असा. जोर लावून भलत्या जागी बसवू नका. मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. कनेक्टर बसला, तरी आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका चुकीत हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

फॅन हलून थांबतो तेव्हा

शॉर्ट सापडला, की एसएमपीएस स्वतःच पुरवठा तोडतो. अनेकदा मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय तो पुन्हा उठत नाही. अशा वेळी बोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, मोजा. बोर्डला जिथे भोक नाही तिथे एक जादा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. खात्री करायची, तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच स्टिक आणि एसएमपीएस, एवढंच जोडा. बाहेर फॅन व्यवस्थित फिरू लागले, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या पार्टमध्ये आहे. मग एकेक पार्ट परत जोडा, आणि दर वेळी आधी केबल काढा.

फॅन फिरतात, पण डिस्प्ले नाही

ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डलाच हवी. रॅम दोन असतील, तर बहुतेक बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. डीडीआर5 रॅम पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं घेऊ शकते. घाबरून वीज तोडू नका. प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असेल, तर बायोस अपडेट लागू शकतं. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील, तर जो लागून राहतो, तिथे काम अडलं आहे.

एसएमपीएसची परीक्षा

शेवटी एसएमपीएस तपासायचा. भिंतीची केबल काढा, एसएमपीएस सगळ्या पार्टपासून सोडवा आणि त्याला फक्त एक कॅबिनेट फॅन जोडा. 24 पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मगच वीज द्या. सगळ्या वायरी काळ्या असतील, तर क्रमांक 16 आणि 17 धरा. फॅन फिरला, की एसएमपीएस सुरू होतो एवढं सिद्ध होतं. मल्टीमीटरवर 12 व्होल्टच्या जागी 11.4 ते 12.6 यांच्या दरम्यान आकडा हवा.

एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका. आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त साठतात आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तो दोष घराच्या वायरिंगमध्ये असू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, काय घडलं ते कागदावर लिहा. एवढं करूनही दुकानात जावंच लागलं, तर तो कागद सोबत न्या. वॉरंटीवर पार्ट बदलून घेताना, 'मशिन बंद आहे' या तक्रारीपेक्षा 'जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट येतात, हिरवी जोडूनही 12 येत नाहीत' हे वाक्य कितीतरी जास्त उपयोगी पडतं.