घाईचे वीजबिल

अलिबागजवळ माझ्या एका मित्राचा बंगला आहे. मित्र मुंबईला राहतो. बंगल्यावर महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतो. मागच्या खोलीत राखणदार, त्याची बायको आणि दोन मुले राहतात. बंगला आणि ही खोली यांचे विजेचे मीटर एकच. लागोपाठ काही महिने पाचशेच्या वर युनिटचे बिल आले, तेव्हा मित्राला प्रश्न पडला की आपण तिथे राहतच नाही, तर वीज जाते कुठे? उत्तरही त्याचे त्यानेच काढले. राखणदार हिटरवर स्वयंपाक करत असणार. त्याला काढून टाकायचे जवळजवळ ठरले होते.

मी यंत्रशास्त्राची पदवी घेतलेली नाही. पंप, मोटारी, मीटर यांच्याविषयी मिळेल ते वाचत आणि उघडून बघत आलो, एवढेच. म्हणून मित्राने मला बरोबर नेले. त्याला चोरी पकडून हवी होती. मला आधी मीटर बघायचे होते.

आपल्या घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याकडे फारसे कोणी बघत नाही, पण शेजारीच एक आकडा छापलेला असतो. या मीटरवर तो 3200 होता. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडते. बाकी सगळे बंद करून एकच उपकरण चालू ठेवायचे आणि मिनिटभर लुकलुक मोजायची. तिला 60 ने गुणून 3200 ने भागले की ते उपकरण किती किलोवॅट घेते ते कळते. यासाठी घड्याळाखेरीज काही लागत नाही.

आधी बंगल्याचे सर्व स्विच बंद केले आणि राखणदाराची खोली चालू ठेवली. पंखा, दिवा, टीव्ही, लहान फ्रीज मिळून मिनिटाला दहा वेळा, म्हणजे 190 वॅटच्या आसपास. हिटर खोलीत नव्हताच. मग खोली बंद करून पोहण्याच्या तलावाचा पंप लावला. मिनिटाला पंचाहत्तर! म्हणजे 1.4 किलोवॅट. हा पंप सकाळ-संध्याकाळ मिळून आठ तास चालत असे. दिवसाला 11.2 युनिट, महिन्याला 336. तलावात कोणी उतरो वा न उतरो.

‘‘साहेब, मोटर पहिल्यापासून अशीच चालते,’’ राखणदार म्हणाला. ‘‘बंद ठेवली की पाणी हिरवं होतं, मग तुम्हीच रागावता.’’

त्याचे बरोबर होते. तलावाचे पाणी रोज फिरवावेच लागते. तलावातून निघालेले पाणी आधी केरकचरा अडवणाऱ्या जाळीतून पंपात येते, तिथून वाळूच्या फिल्टरमधून गाळून, क्लोरीन मिसळून पुन्हा तलावात सोडले जाते. फिरवणे थांबले की शेवाळ धरते. प्रश्न पाणी फिरवावे की नाही हा नव्हता; किती वेगाने फिरवावे हा होता.

पंप नेमके काय करतो?

पंप हा मराठी वाचकाला परका विषय नाही. 1910 साली वसलेल्या ज्या किर्लोस्करवाडीने महाराष्ट्राला नांगर आणि पंप दिले, तिथूनच 1920 साली शं. वा. किर्लोस्करांनी एक मासिकही काढले, आणि ते पुढे घराघरांत वाचले गेले. तरीही पंप म्हटले की आपल्या मनात एकच चित्र येते: विहिरीतले पाणी वर खेचणारे यंत्र. मोटेची जागा पंपाने घेतली, बैलांचे काम मोटारीने घेतले, आणि पाणी उचलणे म्हणजे पंप हे समीकरण पक्के झाले.

पोहण्याच्या तलावाचा पंप मात्र पाणी उचलतच नाही. ज्या तलावातून घेतो, त्याच तलावात, त्याच पातळीला सोडतो. मग 1.4 किलोवॅट शक्ती जाते कशात? काही भाग मोटारीच्या आणि पंपाच्या स्वतःच्या उष्णतेत जातो. उरलेला सगळा पाईप, कोपरे, व्हॉल्व्ह आणि वाळू यांच्याशी पाण्याचे जे घर्षण होते त्यात खर्च होतो. आणि घर्षण हे वेगाचे अपत्य आहे. पाणी जितके घाईने ढकलावे, तितके पाईप त्याला जास्त अडवतात.

किती जास्त, याचे नियम सोपे आहेत. पंपातल्या फिरत्या चाकाचा वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट येते. दाब मात्र चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शक्ती म्हणजे पाणी गुणिले दाब. दोन गुणिले चार, आठ. ती वेगाच्या घनाने वाढते. आता हेच उलटे वाचा. वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, पण शक्ती आठव्या हिश्श्यावर उतरते. तेवढेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागेल, म्हणून एकूण वीज चौथा हिस्सा. दुप्पट वेळ चालणारा पंप कमी वीज खातो हे प्रथम ऐकताना खोटे वाटते. मित्रालाही वाटले.

मग त्याच्या तलावाचा हिशोब मांडला. लांबी 8 मीटर, रुंदी 4, सरासरी खोली 1.4, म्हणजे साधारण 45 हजार लिटर पाणी. जुना पंप तासाला 20 हजार लिटरच्या आसपास पाणी फिरवत होता. आठ तासांत 1 लाख 60 हजार लिटर. म्हणजे घरच्या, क्वचित वापराच्या तलावाचे सगळे पाणी रोज साडेतीन वेळा गाळले जात होते. बांधणाऱ्या ठेकेदाराने ‘कमी पडायला नको’ म्हणून मोठा पंप बसवला होता. पंप निवडणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असला की असेच होते.

वेग कमी कसा करायचा?

साध्या मोटारीचा वेग विजेच्या वारंवारितेला बांधलेला असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून अशी मोटार मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेते. तिला हळू चालणे ठाऊकच नसते. काही जण व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पाणी कमी करतात. ते म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेक लावण्यासारखे. पाणी कमी होते, बिल त्या मानाने उतरत नाही. पंख्याचा रेग्युलेटर पंपाला लावण्याची युक्तीही मी पाहिली आहे. ती कोणी करू नये. मोटार तापते आणि जळते.

खरा उपाय बदलत्या वेगाचा पंप. त्याच्या मोटारीत कायमचे चुंबक असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक चालक विजेची वारंवारिता हवी तशी बदलून वेग ठरवतो. जुनी मोटार थ्री-फेजची असेल तर तिला स्वतंत्र चालक जोडूनही काम भागते. घरगुती सिंगल-फेज मोटारीला मात्र तो सहसा चालत नाही.

मित्राने पंप बदलला. नवा पंप आम्ही निम्म्या वेगावर लावला आणि पुन्हा मीटरसमोर उभे राहिलो. पंचाहत्तरच्या जागी तेरा. हिशोबाने 245 वॅट. नियमाप्रमाणे 175 यायला हवे होते. पण कमी वेगाला मोटार आणि चालक यांची कार्यक्षमता थोडी घसरते, म्हणून पुस्तकातला पुरा आठवा हिस्सा प्रत्यक्षात मिळत नाही. विक्रेता तो छापील आकडा दाखवू लागला तर ग्राहकाने एवढी वजावट मनात धरावी.

तरीही सोळा तास चालवून पूर्वीइतकेच पाणी फिरवले, तर दिवसाला चार युनिट पुरतात. महिन्याला 336 च्या जागी 120. युनिटमागे 12 रुपये धरले तर महिन्याला अंदाजे 2600 रुपये वाचतात. समजा साध्या आणि नव्या पंपाच्या किमतीत 60 हजारांचा फरक आहे. तो तेवीस महिन्यांत फिटतो. तलाव वर्षातून सातच महिने वापरात असेल, तर सव्वातीन वर्षे लागतील. ज्याने त्याने आपल्या बिलावरचा दर घालून हे गणित करावे. आम्ही पुढे वेळही कमी केला. एरवी नऊ तास पंप चालतो, पाणी रोज दोनदा गाळले जाते आणि सव्वादोन युनिटांत भागते. पाहुणे येणार असले की तास वाढवतो.

पाणी बिघडले नाही. उलट वाळूतून पाणी सावकाश गेले की गाळणी चांगली होते. वेग वाढवावा लागतो तो मोजक्या वेळी. तळ झाडताना आणि वाळू उलट्या पाण्याने धुताना काही मिनिटे पंप पूर्ण वेगाने चालवावा लागतो, नाहीतर वाळूतली घाण सुटत नाही. आणखी एक गोष्ट आम्ही त्याच दिवशी केली: अर्थिंग तपासले आणि 30 मिलिअँपियरला तुटणारा सुरक्षा स्विच बसवला. पाणी आणि वीज शेजारी असताना बचतीचा विचार याच्यानंतर येतो.

अमेरिकेने केलेला कायदा

घरोघरी तलाव असलेल्या कॅलिफोर्नियात हा हिशोब सरकारने फार आधी मांडला. 2008 पासून तिथे एक अश्वशक्ती व त्यावरच्या तलावाच्या पंपांना निदान दोन वेगांची सोय सक्तीची झाली. पुढे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने देशभरासाठी कार्यक्षमतेचे मानक ठरवले आणि 19 जुलै 2021 पासून ते लागू झाले. एकाच वेगाचे मोठे फिल्टर-पंप त्या मानकात बसणे जवळजवळ अशक्य आहे. कायद्याची गरज का पडली? कारण पंपाची किंमत दुकानात एकदाच दिसते, आणि त्याने खाल्लेली वीज महिन्याच्या बिलात बाकीच्या विजेत मिसळून येते.

विहिरीला हेच लागू आहे का?

हा लेख वाचून कोणी सोसायटीच्या सचिवांना गाठेल, म्हणून मर्यादाही सांगतो. सोसायटीचा पंप खरोखर पाणी उचलतो. दहा हजार लिटर पाणी 25 मीटर उंच गच्चीवर न्यायला, काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी 0.68 युनिट लागणारच. पंप हळू चालवून ही उंची कमी होत नाही. फार हळू चालवला तर पाणी टाकीपर्यंत पोहोचतच नाही. पंप फिरत राहतो, वीज जात राहते. शेतातल्या विहिरीचेही तेच. तिथे बचत शोधायची ती उंचीला साजेसा पंप निवडण्यात, पुरेशा रुंद पाईपमध्ये, गळक्या फूटव्हॉल्व्हमध्ये आणि भरून वाहणाऱ्या टाकीत. म्हणून पंप बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हा पंप पाणी वर चढवतो आहे, की नुसता पाईपशी भांडतो आहे?

मित्राने राखणदाराला काढले नाही. संशयाबद्दल तो त्याच्याशी काही बोलल्याचे मात्र मला आठवत नाही; आपल्याकडे मालक अशा गोष्टी बोलत नाहीत. निघताना मी पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर खडूने तीन आकडे लिहिले: खोली दहा, जुना पंप पंचाहत्तर, नवा पंप तेरा.

परवा पुन्हा जाणे झाले. खडू पुसट झाला होता, पण त्याखाली राखणदाराच्या थोरल्या मुलीच्या अक्षरात दर रविवारचे आकडे पेनाने लिहिलेले होते. सगळे तेरा-चौदा होते, फक्त एका रविवारी सतरा. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी वेग कुणीतरी वाढवून ठेवला होता. मी बाबांना सांगून कमी करून घेतला.’’