नव्या मोटारीतील न सुटणारा दोष : कायदा, पुरावा आणि काळ

प्रास्ताविक

घर वगळता मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार होय. वेतन आयोगाच्या थकबाकीतून भरलेली पहिली रक्कम आणि उर्वरित पाच-सात वर्षांचे कर्ज अशा रीतीने ती घरात येते. तिच्यात पहिल्याच काही महिन्यांत दोष उद्भवला आणि सर्व्हिस सेंटरच्या चार-पाच फेऱ्यांनंतरही तो दूर झाला नाही, तर ग्राहकाची अवस्था मोठी चमत्कारिक होते. गाडी पूर्णतः बंद नसते, म्हणून ती नाकारता येत नाही; आणि ती विश्वासाची नसते, म्हणून वापरताही येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस जातच असतो. अशा प्रसंगी भारतीय कायदा ग्राहकास नेमके काय देतो आणि ते मिळविण्याच्या मार्गात कोणती अडचण उभी राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांचा घोळ

या विषयात तीन संकल्पना सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. दुरुस्ती नीट न करणे ही 'सेवेतील त्रुटी' होय व तिची जबाबदारी प्रथमतः डीलरवर येते. एखादा सुटा भाग सदोष असणे हा 'दोष' होय. ज्यामुळे संपूर्ण वाहनच मुळात सदोष ठरते तो 'उत्पादनदोष' मात्र वेगळा होय, आणि गाडी बदलून मिळण्याचा किंवा पैसे परत मिळण्याचा प्रश्न बहुतांशी येथेच येऊन थांबतो. ग्राहकाच्या तक्रारअर्जात 'गाडीत उत्पादनदोष आहे' एवढेच विधान असते. वर्कशॉपच्या कागदांवर मात्र 'तपासले, दोष आढळला नाही' असा शेरा असतो. या दोन वाक्यांमधील अंतर पुराव्यानेच भरून काढावे लागते.

कायद्याची चौकट

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही गर्भित शर्त आहे. तथापि त्याच अधिनियमातील कलम ४२ कडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वाजवी मुदत उलटूनही खरेदीदाराने माल नाकारल्याचे कळविले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते; आणि एकदा स्वीकार झाला की कलम १३ नुसार सामान्यतः नुकसानभरपाईच मागता येते, माल परत करता येत नाही. दर वेळी सौजन्याने गाडी घरी घेऊन येणारा ग्राहक नकळत आपला पक्ष दुबळा करीत असतो.

ग्राहक संरक्षण अधिनियमाने ही कोंडी बरीच सैल केली. १९८६ च्या अधिनियमाची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ३९ अन्वये दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, ही सुधारणा तालुक्याच्या गावातील ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंची तक्रार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते; म्हणजे बहुतेक सर्व कौटुंबिक मोटारी तेथेच येतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अनेक वाहनांची मूळ वॉरंटी दोन-तीन वर्षांची असते, आणि ती आहे तोवर दुरुस्ती करून घेऊ, मग पाहू, असे म्हणणाऱ्याची ही मुदत वर्कशॉपच्या फेऱ्यांतच संपते. विलंब क्षमापित होऊ शकतो, परंतु त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते.

न्यायालयांची भूमिका

२००६ मध्ये मारुती उद्योगाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका आजही वारंवार उद्धृत होते. तक्रार क्लचच्या दोषाची होती. खालच्या मंचांनी संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटीवर बोट ठेवले : उत्पादकाने सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे बंधन स्वीकारले आहे, गाडी बदलण्याचे नव्हे. ग्राहकास ५० हजार रुपयांची भरपाई मिळाली, नवी गाडी मिळाली नाही. करारशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु वॉरंटीचा मसुदा एकट्या उत्पादकाने तयार केलेला असतो आणि त्यात एक शब्दही बदलण्याची सोय ग्राहकास नसते, हे लक्षात घेता तो कठोर वाटल्यावाचून राहत नाही.

२०१० मध्ये फियाट इंडियाविरुद्धच्या प्रकरणात सूर काहीसा बदललेला दिसतो. नव्या गाडीच्या इंजिनाच्या आवाजाची ती तक्रार होती. स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी आणि मूळचाच उत्पादनदोष आढळल्यास किंमत, आजीवन कर व हप्त्यांची रक्कम १२ टक्के व्याजाने परत करावी, असे न्यायालयाने सांगितले. परताव्याचा मार्ग येथे खुला झाला, पण त्याची किल्ली तज्ज्ञाच्या हाती राहिली. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एअरबॅग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. समोरून जोराची धडक बसूनही एअरबॅग उघडली नाही, तेव्हा वेगाचे व बलाचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. ही सवलत मात्र सुरक्षेच्या उघड अपयशापुरती आहे. गिअर अडखळणे, चढावर इंजिन बंद पडणे यांसारख्या तक्रारींत पुराव्याचे ओझे अद्याप ग्राहकाच्याच खांद्यावर आहे.

डीलर व उत्पादक यांच्या जबाबदारीची सीमाही ध्यानात घ्यावयास हवी. गोव्यातील एका ग्राहकास २०११ चे म्हणून २००९ चे मॉडेल विकले गेले होते. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरण्यास नकार दिला, कारण त्यांचे परस्परसंबंध दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करून प्रत्येकाची चूक वेगळी मांडणे हिताचे ठरते.

'दोष आढळला नाही' याचा अर्थ

अधूनमधून प्रकटणारा दोष वर्कशॉपमध्ये का दिसत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. वायरिंगच्या जोडणीतील सैल पिन इंजिन तापल्यावर वा खड्ड्यांच्या रस्त्यावरच संपर्क तोडते. थंड गाडी वर्कशॉपच्या सपाट फरशीवर निर्दोष चालते. मेकॅनिक खोटे बोलत असतो असे नव्हे. दोष जेव्हा असतो तेव्हा तो तेथे नसतो. आधुनिक गाडीत मात्र एक साक्षीदार असतो. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक दोषाचा संकेतांक नोंदवितो आणि पुष्कळदा त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान हेही साठवून ठेवतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर जोडून हे संकेतांक पाहिले जातात आणि नंतर पुसले जातात. पुसण्यापूर्वी त्याची छापील प्रत मागणे हा ग्राहकाच्या हातातील सर्वांत स्वस्त पुरावा होय. तो फार थोडे ग्राहक मागतात.

तेच जॉब कार्डाचे. 'जनरल चेकअप' असे लिहिलेल्या पाच जॉब कार्डांपेक्षा 'अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर, दुसऱ्या गिअरमध्ये, चढावर इंजिन बंद पडते' असे लिहिलेली दोन कार्डे अधिक वजनदार ठरतात. तक्रारीचे शब्द प्रत्येक वेळी तेच असावेत, म्हणजे दोष एकच आहे आणि तो कायम आहे हे दिसते. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये होती, याची आत येण्याच्या व बाहेर पडण्याच्या तारखांसह नोंदही त्यांवर असावी.

प्रयोगशाळा किंवा तज्ज्ञाकडून तपासणीची तरतूद अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आहे व तिचे शुल्क तक्रारदारास भरावे लागते. काही प्रकरणांत अशी पाहणी अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांकडे सोपविली जाते. गाडी चालवून न पाहता, केवळ उभ्या स्थितीत पाहून दिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही, हे अशा प्राध्यापकांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

इतरत्र काय आहे

अमेरिकन बोलीत सदोष निघालेल्या गाडीस 'लिंबू' म्हणतात. (आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात, तेथे गाडीच लिंबू ठरते.) अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या शोधनिबंधात विक्रेता व ग्राहक यांच्या माहितीतील विषमता याच शब्दाच्या आधारे मांडली, २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८२ पासून तेथील राज्यांनी 'लेमन कायदे' केले. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या दोन वर्षांत किंवा १८ हजार मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो राहिला, अथवा गाडी एकूण ३० दिवस बंद राहिली, तर ग्राहकास परतावा वा बदली मागता येते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात ३० दिवसांत गाडी नाकारता येते. त्यानंतर एक दुरुस्ती अयशस्वी झाली की पुन्हा नाकारण्याचा हक्क मिळतो, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते. भारतात असा आकडाही नाही व असे गृहीतकही नाही. किती फेऱ्या म्हणजे पुरे, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरते, आणि वेळ जातो तो तेथेच.

काळाची किंमत

मोटार विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार गाडीचे मूल्य सहा महिन्यांनी ५ टक्के, वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के व तिसऱ्या वर्षी ३० टक्के घटलेले धरतात. विलंबाचा हा भार गाडी ज्याच्या नावावर तो सोसतो. अधिनियमात वस्तूच्या चाचणीची गरज असलेल्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात काय घडू शकते, हे बीएमडब्ल्यू प्रकरणात दिसते. गाडी २५ सप्टेंबर २००९ रोजी घेतली गेली व चारच दिवसांत तक्रार सुरू झाली. खरेदीदार कंपनीने फौजदारी मार्ग धरला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द करतानाच नवी गाडी देण्यास सांगितले, उत्पादकाने तशी तयारीही दर्शविली. खरेदीदाराने मात्र व्याजासह रक्कमच मागितली. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये देण्याचा आदेश देऊन वाद संपविला, तेव्हा त्या गाडीच्या खरेदीस पंधरा वर्षे होण्यास अडीच महिने उरले होते.