पाळ फुटते ती मिठाने नव्हे

चामोर्शी तालुक्यातली धानशेती मातीच्या पाळींच्या भरवशावर उभी आहे. मालगुजारांच्या काळापासूनचे मामा तलाव, बोड्या, बांध्यांचे धुरे ही सगळी मातीचीच कामे. ऐन झडीत एखादी पाळ फुटली की ‘मातीत खार होता’ असे सहज म्हटले जाते. पण निदान चुकले की दुरुस्तीही चुकते आणि पुढच्या पावसाळ्यात पाळ पुन्हा फुटते.

गैरसमज १ : खारी माती पाण्यात मिठासारखी विरघळते.
वस्तुस्थिती : विरघळते ते मीठ, माती नव्हे. उलट, पाण्यात क्षार भरपूर असले तर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. कोकणातल्या खारभूमीचे बांध खाडीच्या खाऱ्या चिखलातूनच घातले जात आले आहेत. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत : क्षार साठलेली ती खारवट जमीन, चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेली ती चोपण. पाळीला खरा धोका चोपण मातीचा.

गैरसमज २ : दोन पावसाळ्यांत खार धुऊन गेला की पाळ पक्की होते.
वस्तुस्थिती : सोडियम जास्त असलेल्या मातीत नेमके उलटे घडते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते मोकळे क्षार वाहून नेते, कणांना चिकटलेला सोडियम मात्र मागे राहतो. मग ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेले हे कण एकमेकांपासून सुटतात आणि पाण्यात तरंगू लागतात. उन्हाळ्यात पडलेल्या भेगेतून पाणी शिरले की ते या कणांना घेऊनच बाहेर पडते. भेगेचे बीळ होते, बिळाचा बोगदा. वरून पाळ धडधाकट दिसते आणि एके दिवशी खचते.

गैरसमज ३ : चामोर्शीतल्या पाळी मुख्यतः खारामुळेच फुटतात.
वस्तुस्थिती : विदर्भाचा खारपाणपट्टा पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्यात आहे. चामोर्शी वैनगंगेकाठी आहे. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे क्षार सहसा साठून राहत नाहीत. इथे आधी सांडवा पाहावा. तो बुजला असेल तर पाणी पाळीवरून वाहते आणि माती कापत जाते. मग उंदीर-खेकड्यांची बिळे, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या आणि मोरीलगतची नीट न दाबलेली भर तपासावी. हे सगळे ठीक असूनही पाळ झिरपत असेल, तर मातीवर संशय घ्यावा.

गैरसमज ४ : तपासणीत क्षारता कमी आली, म्हणजे माती निर्धोक.
वस्तुस्थिती : मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, पण कणांना चिकटलेला सोडियम त्यांत नसतो. ‘विनिमयक्षम सोडियम’ वेगळा तपासून घ्यावा लागतो. तो १५ टक्क्यांहून अधिक असेल तर माती चोपण मानतात. क्षार कमी आणि सोडियम जास्त, हीच जोडी पाळीला सर्वांत घातक.

घरी करता येणारी परीक्षा
ऑस्ट्रेलियातले मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्या. पाळीतले वाळलेले, हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी पाहा. ढेकूळ नुसते ढासळले तर घाबरू नका. भोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर ती माती पाळीला घालू नका. विहिरीचे पाणी वापरू नका, कारण त्यातले क्षार हा ढग उठू देत नाहीत.

तीच माती वापरणे भाग असेल तर प्रयोगशाळेच्या सल्ल्याने तिच्यात जिप्सम मिसळावे. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि कण पुन्हा एकमेकांना धरतात. एकेक वितीचा थर ओलसर असताना दाबावा, वर चांगल्या मातीचे आवरण द्यावे आणि गवत लावावे.

मृग लागण्याआधी पाळीवरून एक फेरी मारा, सांडवा मोकळा करा आणि एक ढेकूळ पेल्यात सोडून पाहा. पाळीखालच्या प्रत्येक बांधीतले धान त्यावर अवलंबून आहे.