ओवी हाक मारते

जात्यावरची ओवी क्वचितच स्वतःशी बोलते. ती कुणाला तरी हाक मारते: सईला, आईला, बंधूला, विठ्ठलाला. कुणीच नसलं तर जात्यालाच देव मानून मन मोकळं करते. माझ्या आजीच्या ओव्यांत भाऊ फार. पंचमी जवळ आली की तो मुराळी होऊन न्यायला येणार, हाच ध्यास. प्रत्यक्षात तो फारसा आला नाही. ओवीत मात्र रोज पहाटे माहेरची वाट चालत यायचा.

सासरी बोलायची मुभा नव्हती, दळणं मात्र चुकत नव्हतं. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. त्यामुळे एकीचं दुःख दोघींच्या तोंडी येई आणि तेवढं हलकं होई.

गी प्वात्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांना घरचं माणूस मानून गायलेल्या ओव्याही आहेत. जिव्हाळ्याचं नातं रक्तापुरतं थांबत नाही, हे त्यांतून कळतं.

गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण पहाटेची ती सोबतही गेली. घरात ओव्या येणारं कुणी असेल, तर समोर जाऊन बसा. ऐकणारं माणूस मिळालं की ओवी आपसूक येते.