लिनक्ससाठी जुना लॅपटॉप घेताना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. तिच्या पुढची विंडोज 11 ही इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे, कचेरीत वापरलेले पण धडधाकट लॅपटॉप निकालात निघतात. लिनक्स मात्र त्यांच्यावर सुरेख चालते. थोडक्या पैशांत लिनक्स शिकायचे असेल, तर नेमके हेच शोधावेत.

ते ओळखायचे कसे? दुकानदार म्हणेल, “आय5 आहे, घ्या!” पण आय5 हे केवळ घराण्याचे नाव झाले. पिढी कळते ती त्यापुढील अंकावरून. आय5-7200यू म्हणजे सातवी पिढी, आय5-3320एम म्हणजे तिसरी. तिसरीवरही लिनक्स चालते. मात्र तिला सातवीचा भाव देऊ नये. प्रोसेसर 64 बिटांचाच हवा. लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स लिहिले ते 32 बिटांच्या 386 प्रोसेसरवर. पण 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिटांच्या संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोयच काढून टाकली आहे!

जुना संगणक रेंगाळतो, त्याला बहुधा प्रोसेसर नव्हे, हार्ड डिस्क कारण असते. तिच्यातील तबकडीवरची माहिती वाचायची, तर वाचणारे टोक योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडी फिरून माहिती त्याखाली यावी लागते. यात सुमारे 10 मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नाही. तेच काम सुमारे 0.1 मिलिसेकंदात, म्हणजे शंभरपट लवकर होते. संगणक सुरू होताना असे वाचन हजारो वेळा घडते, हे ध्यानात घ्या. तेव्हा दोन पैसे अधिक द्यायचेच, तर ते एसएसडीसाठी द्यावेत.

रॅम 8 गिगाबाइट असावी. 4 वर लिनक्स मिंट चालते, पण ब्राउझरची चार पाने उघडली की धाप लागते. रॅम पुढे वाढवता येईल का, हेही विचारा. काही लॅपटॉपांत ती बोर्डालाच डाखलेली असते. थिंकपॅड टी470 मध्ये मात्र तिच्यासाठी दोन खाचा आहेत.

आता खरी परीक्षा. घरून लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करून न्या आणि दुकानदाराच्या परवानगीने लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. डिस्कवरचे काहीही न बदलता सारी प्रणाली पडद्यावर येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, कळफलकाची प्रत्येक कळ तपासा. पासवर्ड मागून यंत्र अडून बसले आणि तो दुकानदाराला ठाऊक नसेल, तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त असो, घेऊ नका. थिंकपॅडचा असा पासवर्ड सहजासहजी निघत नाही. शेवटी बॅटरी पाहा. तिची मूळ क्षमता 48 वॉट-तास आणि आता पूर्ण भरल्यावर 24 दिसत असेल, तर ती निम्मी संपली आहे. नव्या बॅटरीची किंमत आधी काढून ठेवा आणि घासाघीस तिथूनच सुरू करा.